चार दिवस, एक बस: आई-बाबांना घेऊन लास वेगास, ब्राइस, अँटिलोप आणि ग्रँड कॅन्यन

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला एका मॉलच्या पार्किंगमध्ये सकाळी पावणेसातला बस उभी होती. आई थर्मासमधला चहा ओतत होती आणि बाबा कुठे दिसेनात. शोधायला गेलो तर ते बसभोवती फेरी मारत होते. सत्तावीस वर्षं एसटीत ड्रायव्हर म्हणून काढलेला माणूस. मागच्या चाकांपाशी वाकून त्यांनी टायर बघितले, रबरावरून अंगठा फिरवला, आणि परत येऊन म्हणाले, "गाडी चांगली आहे. ड्रायव्हर रात्री नीट झोपलाय का, तेवढं विचार."

ही टूर इथली बरीच मराठी कुटुंबं भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी करतात. नोकरीतून चार दिवस सुट्टी मिळते, स्वतः गाडी चालवायची तर साधारण तेराशे मैल, म्हणजे एकवीसशे किलोमीटरच्या आसपास पडतात, आणि चालवणाऱ्याला खिडकीबाहेर बघताच येत नाही. म्हणून बस. मी ही सफर दोनदा केली. पहिल्यांदा सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा टूर चुकीची निवडली. दुसऱ्यांदा आई-बाबांना नेताना सगळं विचारून, लिहून घेतलं. त्यातून कळलेलं क्रमाने सांगतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. या टूरमध्ये आपण पैसे मोजतो ते कड्यावर उभं राहायला मिळणाऱ्या वेळेचे. एवढ्या प्रवासात तो वेळ सगळा मिळून सात-आठ तासच असतो. टूर निवडण्यापासून बॅग भरण्यापर्यंत प्रत्येक निर्णय त्या सात-आठ तासांसाठी घ्यायचा.

पहिली पायरी: कोणता ग्रँड कॅन्यन?

माझी पहिली चूक इथेच झाली. जाहिरातीत "ग्रँड कॅन्यन" लिहिलं होतं, फोटो भव्य होता, आम्ही पैसे भरले. बस गेली वेस्ट रिमला, म्हणजे दरीच्या पश्चिमेकडच्या कड्यावर. कंपनीने खोटं काही सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. सासऱ्यांनी वर्षानुवर्षं मनात धरलेला देखावा साउथ रिमचा होता, आणि तो त्यांना आजही बघायला मिळालेला नाही.

फरक नीट समजून घ्या. ग्रँड कॅन्यन ही ४४६ किलोमीटर लांबीची दरी आहे. तिच्या वेगवेगळ्या टोकांवर वेगवेगळी ठिकाणं आहेत. वेस्ट रिम वेगासहून अडीच तासांवर आहे, पण ती नॅशनल पार्कचा भाग नाही. ती ह्वालापाई या मूळ रहिवासी जमातीची जमीन आहे आणि तिचं तिकीट वेगळं असतं. काचेचा स्कायवॉक तिथेच, २००७ साली सुरू झालेला, कड्यापासून ७० फूट पुढे आलेला. स्कायवॉकवर स्वतःचा फोन किंवा कॅमेरा नेता येतो का, हे आधी विचारून घ्या. साउथ रिम वेगासहून साडेचार तासांवर आहे. ही नॅशनल पार्कातली, आणि पुस्तकांत-कॅलेंडरांवर आपण बघितलेली दरी बहुतेक वेळा हीच. इथे ती एक मैलाहून खोल आहे आणि काही ठिकाणी १८ मैल रुंद. नॉर्थ रिम हिवाळ्यात बंद असते आणि बस टूर सहसा तिकडे जात नाहीत.

वेस्ट रिम वाईट आहे असं मुळीच नाही. हाताशी एकच दिवस असेल तर तीच बरी. पण आई-वडील आयुष्यात एकदाच येणार असतील तर माझं मत ठाम आहे: साउथ रिम. टूरच्या कागदावर "साउथ रिम" हे शब्द छापलेले दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

दुसरी पायरी: कंपनीला फोन करा आणि तास विचारा

वेबसाइटवर ठिकाणांची यादी लांबलचक असते. यादी लांब असली की प्रत्येक ठिकाणी वेळ कमी मिळतो. एका टूरमध्ये चार दिवसांत अकरा ठिकाणं होती, त्यातली तीन नुसती बसच्या खिडकीतून. फोनवर सरळ विचारा: साउथ रिमला किती वाजता पोचतो, किती वाजता निघतो? ब्राइसला किती वेळ? अँटिलोप या अरुंद घळीचे दोन भाग आहेत, त्यातला अप्पर की लोअर? साउथ रिमला तीन तासांपेक्षा कमी वेळ असेल तर दुसरी टूर शोधा. डिसेंबर-जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे चार वाजता पोचणारी बस म्हणजे जवळजवळ अंधार.

मग बाबांचा प्रश्न. अमेरिकेत प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग आठ तास विश्रांती झाल्यावर जास्तीत जास्त दहा तास गाडी चालवता येते आणि ड्युटीचे पंधरा तास भरल्यावर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. हा केंद्र सरकारचा नियम आहे. टूरचा रोजचा कार्यक्रम सकाळी सहा ते रात्री अकरा असेल आणि ड्रायव्हर एकच असेल, तर तो नियमात कसा बसतो ते विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. बसच्या बाजूला यूएसडॉट नंबर, म्हणजे केंद्रीय परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक, लिहिलेला असतो. तो सरकारी साइटवर टाकला की कंपनीच्या तपासण्या आणि अपघातांची नोंद फुकट दिसते. दहा मिनिटांचं काम आहे. आम्ही ते केलं आणि स्वस्तातली एक टूर सोडून दिली.

झायन पार्कमधून जाणारी टूर असेल तर आणखी एक विचारा. झायनच्या पूर्वेकडचा बोगदा १९३० सालचा, त्या काळच्या लहान गाड्यांसाठी खोदलेला. मोठ्या वाहनांसाठी तिथले नियम आता कडक झाले आहेत. बस तिथूनच जाणार की वळसा घालून, आणि वळशात कुठलं ठिकाण गळतं, हे आधीच कळलेलं बरं.

बऱ्याच बस टूर चिनी कंपन्यांच्या असतात आणि गाइड आधी मँडरिनमध्ये, मग इंग्रजीत बोलतो. त्यात काही बिघडत नाही. आमचा गाइड अतिशय प्रेमळ होता आणि आईला तो "मम्मी" म्हणायचा. पण "इंग्रजी गाइड नक्की आहे ना" एवढं विचारा, नाहीतर बस किती वाजता निघणार हेच कळणार नाही.

तिसरी पायरी: महिना

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, बस. जून ते ऑगस्ट वेगासमध्ये पारा चाळीशी पार करतो आणि जुलै ते सप्टेंबर या भागात वळवासारखे अचानक पाऊस येतात. अँटिलोप कॅन्यनसारख्या अरुंद घळीत तो पाऊस जीवघेणा असतो. १२ ऑगस्ट १९९७ ला लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटक पाण्याच्या लोंढ्यात गेले. घळीवर पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, तो कित्येक मैल दूर पडला होता. म्हणून डोक्यावर निळं आभाळ असतानाही तिथले नावाहो या मूळ रहिवासी जमातीचे गाइड फेरी रद्द करतात. रद्द झाली तर हुज्जत घालू नका.

हिवाळ्यात गर्दी कमी आणि ब्राइसच्या लाल सुळक्यांवर बर्फ, हे दृश्य फार सुंदर असतं. पण साउथ रिम समुद्रसपाटीपासून २१०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साधारण पाचशे मीटर उंच, आणि ब्राइस त्याहूनही उंच. मुंबईच्या माणसाला तिथली जानेवारीतली पहाट झेपत नाही.

चौथी पायरी: पैसे

टूरचा आकडा लहान दिसतो, कारण बऱ्याच गोष्टी त्यात धरलेल्या नसतात. सगळ्यात मोठी गोष्ट नवीन आहे: जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना ११ मोठ्या नॅशनल पार्कांत माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. ग्रँड कॅन्यन, ब्राइस आणि झायन तिन्ही त्या यादीत आहेत. अनिवासी पाहुण्यांसाठी २५० डॉलरचा वार्षिक पास आहे, पण बस टूरवर तो चालेल की नाही आणि जादा शुल्क टूरच्या किमतीत धरलंय का, हे कंपनीकडून लेखी घ्या. दोन माणसं आणि तीन पार्कं, हिशोब तुम्हीच करा.

त्याशिवाय अँटिलोपचं तिकीट आणि नावाहो परवाना बहुधा वेगळा, आणि गाइड तो बसमध्येच गोळा करतो. वेगासच्या हॉटेलांत "रिसॉर्ट फी" नावाची एक भर असते. ती कोण भरणार ते विचारा. टिप ऐच्छिक म्हणत असले तरी या टूरवर ती नेमलेलीच असते, साधारण माणशी रोजचे दहा ते पंधरा डॉलर, गाइड आणि ड्रायव्हर मिळून. हे सगळं रोखीत लागतं. एक, पाच आणि दहाच्या नोटा बँकेतून आधीच आणून ठेवा. आई-वडिलांकडे प्रवासाचा आरोग्य विमा असेलच. त्याचं कार्ड सामानात न ठेवता त्यांच्या खिशात ठेवा.

पाचवी पायरी: दोन पिशव्या

मोठी बॅग बसच्या पोटात जाते आणि रात्रीपर्यंत हाताला लागत नाही. खरी तयारी सीटवर घेऊन बसायच्या छोट्या पिशवीची. तिच्यात चार दिवसांची सगळी औषधं (एका दिवसाची नव्हे, सगळी), मूळ पासपोर्ट, आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) छापील कागद, स्वेटर, टोपी, पाण्याची बाटली, ओठांना लावायला तूप किंवा व्हॅसलीन. वाळवंटातली हवा इतकी कोरडी असते की दुसऱ्या दिवशी आईच्या ओठांना चिरा पडल्या. साउथ रिमला पाणी भरून घ्यायचे नळ आहेत, म्हणून बाटली रिकामी झाली तरी टाकू नका.

खाण्याचं लिहितो, कारण घरातली ज्येष्ठ मंडळी सगळ्यात जास्त तिथेच अडतात. वेगासमध्ये भारतीय जेवण मिळतं. पुढचे दोन दिवस मात्र बर्गर, पिझ्झा आणि बुफे. आईने पहिल्या दोन दिवसांसाठी मेथीचे ठेपले, पुढच्यासाठी दशम्या, लसणाची चटणी, गुळपापडीच्या वड्या आणि मेतकूट घेतलं. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने चौथ्या दिवशीही मऊ होत्या. भात कुठल्याही चिनी हॉटेलात साधा मिळतो. त्यावर मेतकूट आणि घरून नेलेलं तूप घातलं की बाबांचं जेवण झालं. बुफेला पैसे भरावे लागतातच असं नाही, बहुतेक टूरमध्ये जेवण ऐच्छिक असतं.

चहासाठी भारतातून आणलेली केटल नेऊ नका. ती २३० व्होल्टची; इथल्या १२० व्होल्टवर पाणी उकळायला फार वेळ लागतो. वेगासच्या बऱ्याच खोल्यांत केटल किंवा कॉफीचं यंत्रही नसतं. इथे घेतलेली छोटी केटल बरोबर ठेवा. आणि खोलीतल्या फ्रिजच्या ट्रेवर ठेवलेल्या बाटल्या नुसत्या उचलून बघू नका. बऱ्याच ठिकाणी खाली सेन्सर असतो, उचलली की बिलावर लागते.

पहिला दिवस: वाळवंट आणि वेगास

बसमध्ये सीट बहुधा नेमून दिलेल्या असतात. ज्यांना बस लागते त्यांच्यासाठी बुकिंग करतानाच पुढची ओळ मागा. दर दोन-अडीच तासांनी थांबा असतो. बसमधलं टॉयलेट अगदी अडचणीलाच वापरायचं, हे आई-बाबांना आधी सांगा, म्हणजे थांब्यावर "मला नाही जायचं" असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी उतरायचं आणि पाच मिनिटं चालायचं. पायांवर सूज येत नाही.

वेगासपर्यंतचे २७० मैल म्हणजे मोहावी वाळवंट. वाटेत बेकर गावी १३४ फूट उंच थर्मामीटर दिसतो. शेजारच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ ला नोंदलेल्या १३४ अंश फॅरनहाइटची, म्हणजे जवळपास ५७ सेल्सिअसची ती आठवण. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा हिशोब मांडला, तो वेगास येईपर्यंत चालला.

दुपारी पोचल्यावर ज्येष्ठांना झोपवा. अगदी दोन तास. कारण वेगास बघायचं ते सातनंतर, आणि दुसऱ्या दिवशी बस पहाटे निघणार. वेगासला टूरमध्ये ही एकच रात्र असते आणि माझ्या मते ती पुरते. "रात्रीची वेगास सफर" म्हणून गाइड तीस-चाळीस डॉलर मागतो. पाय चांगले असतील तर ती घेऊ नका. गुडघे दुखत असतील तर घ्या, कारण एका हॉटेलपासून दुसरं हॉटेल हाकेच्या अंतरावर वाटतं आणि प्रत्यक्षात वीस मिनिटं चालावं लागतं.

बेलाजिओपुढची कारंजी फुकट असतात, संध्याकाळी दर पंधरा मिनिटांनी. गर्दीच्या मधोमध उभं न राहता तळ्याच्या कोपऱ्याकडे सरका, कठड्याला टेकायला जागा मिळते. त्याच हॉटेलात आत फुलांची मोठी बाग आहे, तीही फुकट. आमची आई कारंज्यांपेक्षा तिथे जास्त रमली.

कॅसिनोत शिरायला पैसे लागत नाहीत. पणजीला मांडवीतल्या बोटींवर प्रवेशाचेच पैसे मोजावे लागतात, त्या सवयीने आपली माणसं बाहेरच थबकतात. आत मोकळेपणाने फिरा. २१ वर्षांखालच्या मुलांना खेळायला आणि मशीनजवळ रेंगाळायला मनाई आहे. चालत पलीकडे जाता येतं. सिगारेटचा धूर असतो, दम्याचा त्रास असलेल्यांना आत फार वेळ ठेवू नका.

खेळायचं असेल तर माणशी वीस डॉलर वेगळे काढा, कार्ड खोलीतल्या तिजोरीत ठेवा आणि एवढं गणित आई-बाबांना समजावून सांगा. तिथल्या रुलेटच्या चाकावर १ ते ३६, एक शून्य आणि एक दुहेरी शून्य असे ३८ आकडे असतात. तुमचा आकडा लागला तर पैसे मिळतात ३५ पट. या फटीतून लावलेल्या प्रत्येक १०० डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोकडे जातात. काही टेबलांवर आता तीन शून्यं असतात, तिथे साडेसातहून जास्त. जितका वेळ बसाल तितकं हे गणित पक्कं होत जातं. "एक सेंटचं मशीन" म्हणतात त्याचा एक डावसुद्धा एका सेंटचा नसतो, स्क्रीनवर एका डावाला कमीत कमी किती पैसे लावावे लागतात ते वाचून मगच बटण दाबा. आणि परदेशी पाहुण्याला स्लॉट मशीनवर मोठी रक्कम लागली तर तिथेच ३० टक्के कर कापला जातो.

आईने तिचे वीस डॉलर चाळीस मिनिटं पुरवले. एकदा सत्तावीस झाले तेव्हा मी म्हटलं, "आई, आता ऊठ." ती म्हणाली, "मी पैसे जिंकायला बसलेच नाहीये, दिवे बघतेय." शेवटी शून्य झाल्यावर शांतपणे पर्स घेऊन उठली. साडेदहाला आम्ही खोलीत होतो. दुसऱ्या दिवशी ब्राइसला जागं राहायचं असेल तर यापेक्षा उशीर करू नका.

दुसरा दिवस: घड्याळ आणि ब्राइस

सकाळीच घड्याळाचा प्रश्न येतो. युटामध्ये शिरलं की वेगासपेक्षा एक तास पुढे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाही, म्हणून मार्च ते नोव्हेंबर तिथे वेगासचीच वेळ असते. ॲरिझोनाच्याच आतली नावाहो जमातीची भूमी मात्र घड्याळ बदलते. अँटिलोपजवळच्या पेज गावात फोन कधी या टॉवरची, कधी त्या टॉवरची वेळ पकडतो. फोनमधली आपोआप वेळ बंद करा, आणि गाइडने सांगितलेली वेळ मनगटावरच्या साध्या घड्याळात लावून घ्या. आमच्या बसमधलं एक कुटुंब फोनच्या भरवशावर राहून तासभर उशिरा आलं आणि अँटिलोपची त्यांची फेरी हुकली.

झायनमध्ये टूरवाले थोडाच वेळ देतात, उंच लाल भिंती बसमधूनही दिसतात. जीव ओतायचा तो ब्राइसला. नावात कॅन्यन असलं तरी ही दरी नाही. पठाराच्या कडेला झिजून तयार झालेली ती एक प्रचंड रंगभूमी आहे, आणि तिच्यात हजारो केशरी-गुलाबी सुळके उभे आहेत. वर्षातल्या निम्म्याच्या आसपास रात्री इथे पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. भेगेत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि दगड फोडतं. इथल्या पायूट लोकांची गोष्ट अशी की ही सगळी जुनी माणसं होती, वाईट वागली म्हणून कायोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याने त्यांना दगड करून टाकलं. बदलापूर-वांगणीच्या बाजूला डोंगरावर नवरा-नवरीचे सुळके आहेत, त्यांचीही गोष्ट दगड झालेल्या वऱ्हाडाचीच. आईने ही जोडणी स्वतःच केली आणि मग तिला प्रत्येक सुळक्यात करवली, भटजी, मुंडावळ्या दिसू लागल्या.

सनसेट पॉइंटला उतरलात की खाली जाणाऱ्या वाटेच्या मोहात पडू नका. उतरणं सोपं, पण आठ हजार फुटांवर चढताना धाप लागते. तिथून सनराइज पॉइंटपर्यंत कड्याकडेने अर्धा मैल डांबरी, जवळजवळ सपाट वाट आहे. आई-बाबांना हीच वाट. मध्ये बाकं आहेत. दर पन्नास पावलांवर सुळक्यांचा रंग बदलतो, म्हणून एकाच जागी फोटो काढत थांबू नका.

तिसरा दिवस: अँटिलोप, हॉर्सशू बेंड आणि साउथ रिम

अँटिलोपला नावाहो गाइडशिवाय जाताच येत नाही. अप्परमध्ये जमीन सपाट, चालणं सोपं. लोअरमध्ये उभ्या लोखंडी शिड्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर अप्परच, जास्त पैसे पडले तरी. बॅग आत नेता येत नाही, फक्त फोन आणि पाणी. अप्परचं नावाहो नाव "खडकांतून पाणी वाहतं ती जागा" अशा अर्थाचं आहे, आणि आत उभं राहिलं की ते नाव डोळ्यांनी दिसतं: भिंतींवर पाण्याच्या वळणांचे थर, हात फिरवावा इतके गुळगुळीत. हात मात्र फिरवू नका.

हॉर्सशू बेंडला पार्किंगपासून पाऊण मैल उन्हातून चालायचं आहे, परत तेवढंच. कठडा थोड्याच भागात आहे, बाकी हजार फूट सरळ खाली. मुलांचा हात धरा. दुपारचं जेवण वाटेत कॅमेरॉनला असेल तर नावाहो फ्राय ब्रेड मागवा. भटुऱ्याच्या जवळचा तळलेला पदार्थ, मधाबरोबर छान लागतो.

पूर्वेकडून साउथ रिमला येणारी बस आधी डेझर्ट व्ह्यूला थांबते. इथला दगडी बुरूज मेरी कोल्टर या स्त्री वास्तुविशारदाने १९३२ साली उभारला. "नदी कुठे आहे?" असं सगळे विचारतात, ती इथून नीट दिसते, म्हणून इथेच डोळे भरून बघून घ्या. पन्नास-साठ लाख वर्षांत ही दरी कोरणारी कोलोरॅडो वरून एका हिरव्या दोऱ्याएवढी भासते.

पुढे मेदर पॉइंट किंवा गावाजवळ बस सोडते. उतरल्यावर दुकानात शिरू नका. आधी कडा, शेवटी दुकान. प्रत्येकाने निघायची वेळ पाठ करायची, कारण इथे फोनला रेंज नीट नसते आणि माणसं पांगतात. कठडे सगळीकडे नाहीत. फोटोसाठी मागे पाऊल टाकताना लोक इथे खरोखर पडले आहेत.

वेळ असेल तर एक गोष्ट नक्की करा. कड्याकडेच्या वाटेवर "ट्रेल ऑफ टाइम" आहे. तिथला एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. दरीतल्या प्रत्येक थराचा एक घासलेला दगड त्याच्या वयाच्या जागी मांडलेला आहे आणि त्याला हात लावता येतो. गावाकडच्या टोकाने सुरुवात केलीत तर सगळ्यात जुने दगड आधी भेटतात, फार चालावं लागत नाही. त्यांत एक काळसर, चमकदार रेघांचा दगड आहे. त्याचं नाव विष्णू शिस्ट, वय सुमारे १७५ कोटी वर्षं. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने इथल्या शिखरांना पूर्वेकडच्या देवांची नावं द्यायचा पायंडा पाडला, म्हणून समोरच्या दरीत विष्णू, ब्रह्मा आणि शिव यांची मंदिरं म्हणवली जाणारी शिखरं उभी आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांचा. साउथ रिमवर आपण ज्या दगडावर उभे असतो, तो दरीतला सगळ्यात तरुण थर, तोच २७ कोटींचा.

मी हे आकडे सांगत होतो आणि आईने चप्पल काढून त्या दगडावर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग तोच हात डोळ्यांना लावला. बाबा काही न बोलता दरीकडे बघत होते. निघायला वीस मिनिटं होती आणि आम्ही तिघंही ती तिथेच बसून घालवली.

चौथा दिवस: परतीचा रस्ता

हा दिवस फक्त प्रवासाचा, सहा-सात तास तरी. पायमोजे सैल घाला, उरलेल्या दशम्या संपवा. फळं उरली असतील तर ॲरिझोनातच खाऊन टाका. कॅलिफोर्नियात शिरताना शेती खात्याची चौकी असते आणि बाहेरची फळं तिथे काढून घेतात. कंपनी वाटेत आउटलेट मॉलला थांबवते. काही घ्यायचं नसेल तर तो तासभर झाडाखाली पाय पसरून बसा.

टिपचे पैसे शेवटच्या थांब्याच्या आधी पाकिटात घालून ठेवा. गाइडचं वेगळं, ड्रायव्हरचं वेगळं. एकत्र दिलं तर कुणाला किती गेलं ते कळत नाही. बाबांनी ड्रायव्हरचं पाकीट माझ्याकडून मागून घेतलं. सगळे उतरेपर्यंत थांबले, मग पुढच्या दारातून परत दोन पायऱ्या चढून त्यांनी ते दोन्ही हातांनी दिलं. स्टिअरिंगकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडे, आणि सत्तावीस सांगायला बोटं मोजू लागले. ड्रायव्हर उठून उभा राहिला.